पॅरिसमधील एक रात्र व तिचें ध्वनिमुद्रण

धनुष्यापासून सुटलेला बाण, तोंडांतून निघालेला शब्द आणि वाद्यांतून उमटलेला सूर हे तिन्ही परत घेतां येत नाहींत. बाण व शब्द ह्यांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांत पुष्कळ ऐकलें आहे. सुराविषयीं मात्र त्यांस कोणी फारसें सांगत नाहीं. म्हणून ह्या अंकासाठीं आम्ही असा विषय निवडला आहे कीं, ज्यांत शंभर माणसें एकत्र बसून सूर काढतात, तो सूर क्षणांत विरून जातो, आणि तरीही अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर तो आज आपणांस ऐकावयास सांपडतो. हा विषय म्हणजे ता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं पॅरिस शहरांत झालेली वाद्यसंगीताची एक मैफल व तिचें ध्वनिमुद्रण.

परक्या देशाच्या संगीताशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आपण समजतों त्याहून जवळचा आहे. भजनांत, कीर्तनांत व शाळेच्या प्रार्थनेंत जी पेटी वाजते, ती मूळची फ्रान्सचीच. सन १८४० च्या सुमारास पॅरिस येथील अलेक्सांद्र दबँ नांवाच्या कारागिरानें ती तयार केली व हार्मोनियम हें नांवही त्यानेंच रूढ केलें. पुढें ती आपल्या देशांत आली, पायाचा भाता जाऊन हाताचा भाता आला, आणि ती इतकी आपलीशी झाली कीं, तिचें माहेर कोणतें हें आपण विसरून गेलों. ज्या देशानें पेटी दिली, त्या देशाचें मोठें संगीत एकदां कान देऊन ऐकावें, ह्यांत वावगें कांहींच नाहीं.

पाश्चात्य वाद्यवृंद म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. मोठ्या वृंदांत सुमारें शंभर वादक असतात. त्यांपैकीं साठाच्या आसपास तंतुवाद्यें वाजविणारे. म्हणजे व्हायोलिन, त्याहून किंचित् मोठें व्हायोला, दोन गुडघ्यांमध्यें धरून वाजवावयाचें चेलो व माणसाहूनही उंच असें डबल बास. त्यांच्या मागें बांसरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून हीं फुंकून वाजवावयाचीं वाद्यें. ह्यांतील ओबो हा आपल्या सनईच्या जातीचा. दोहोंच्याही तोंडाशीं दुहेरी पत्ती असते. त्यांच्याही मागें हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन व ट्यूबा हीं पितळी वाद्यें, आणि सर्वांच्या मागें नगाऱ्यासारखीं टिंपनी, झांजा व घंटा. आपल्या मैफलींत एक गवई मध्यभागीं असतो व बाकीचे त्याची साथ करितात. येथें तसें नाहीं. एकाच क्षणीं निरनिराळ्या वाद्यांतून निरनिराळे सूर निघतात व ते मिळून एक स्वरसमूह होतो. आपल्या उपासनेंत कांहीं गीतें चार आवाजांत गाइलीं जातात. तीं ज्यांनीं ऐकलीं असतील त्यांस ही गोष्ट लागलीच समजेल: सूर चार, परंतु कानावर येतें तें एकच गीत.

ह्या शंभर जणांपुढें हातांत बारीक काठी घेऊन एक मनुष्य उभा असतो व तो स्वतः कांहींच वाजवीत नाहीं. मग तो हवा कशाला? ह्याचें एक उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. रंगमंच १५ मीटर रुंद धरला, तर एका टोंकाच्या वादकाचा सूर दुसऱ्या टोंकास पोंचावयास सुमारें एक तेविसांश सेकंद लागतो. हा काळ क्षुल्लक वाटतो खरा. पण जलद संगीतांत एका सेकंदांत आठदहा सूर येतात, तेथें एवढ्या विलंबानेंही गोंधळ होतो. दूरच्या सोबत्याच्या सुरावर भिस्त ठेवणारा वादक मागें पडलाच म्हणून समजावें. प्रकाशाला मात्र तेवढ्या अंतरास वेळ लागतच नाहीं म्हटलें तरी चालेल. म्हणून सर्वांचे डोळे त्या काठीकडे. संचालकाचा दुसरा उपयोग असा कीं, शंभर जणांचीं मतें शंभर. गति किती ठेवावी, जोर किती लावावा, कोठें थांबावें, हें शेवटीं एकानें ठरवावें लागतें.

येथें एक शंका निघते. आपला गवई राग मांडतांना त्या क्षणीं सुचेल तें गातो. म्हणून त्याची प्रत्येक मैफल निराळी. परंतु ह्या पाश्चात्य रचनांत प्रत्येक सूर रचनाकारानें आधींच कागदावर लिहून ठेविलेला असतो. मग एका मैफलींत व दुसऱ्या मैफलींत भेद तो काय राहणार? शंका रास्त आहे. पण एकच पत्र दोघांनीं वाचून दाखविलें, तर एकाच्या वाचनानें डोळ्यांत पाणी येतें व दुसऱ्याच्या वाचनानें जांभई येते, हा अनुभव सर्वांस आहे. अक्षरें तींच, भेद पडतो तो श्वास कोठें घेतला, कोणत्या शब्दावर आवाज खालीं आणला, कोठें क्षणभर थांबलें, ह्यांत. रचनाकार ‘जलद’ असें लिहितो. किती जलद, हें पुष्कळ अंशीं संचालकाकडे राहतें. ‘मोठ्यानें’ असें लिहितो. किती मोठ्यानें, हें त्या रात्रीच्या वादकांवर, सभागृहावर आणि श्रोत्यांवरही अवलंबून असतें. श्रोत्यांवर म्हणण्याचें कारण असें कीं, माणसांचीं शरीरें व कपडे ध्वनि शोषून घेतात. रिकाम्या सभागृहांत घुमणारा सूर भरलेल्या सभागृहांत तितका घुमत नाहीं.

आतां त्या विशिष्ट रात्रीकडे वळूं. पॅरिस येथील सरकारी संगीतविद्यालयाशीं जोडलेला एक नामांकित वाद्यवृंद सन १८२८ पासून चालत आला होता. फ्रांस्वा-आंत्वान आबनेक हे त्याचे संस्थापक. बीथोव्हेनच्या सिंफनींची गोडी पॅरिसच्या लोकांस ह्याच वृंदानें लाविली. जवळजवळ १४० वर्षें हें कार्य चाललें. परंतु काळ बदलला, आणि राजधानींत जगांतील उत्तमोत्तम वृंदांच्या तोडीचा नवा वृंद असावा, असें फ्रान्सच्या सरकारास वाटूं लागलें. संस्कृतिखात्याचे मंत्री आंद्रे मालरो व त्यांच्या खात्यांतील संगीतविभागाचे प्रमुख मार्सेल लांदोव्स्की ह्यांच्या पुढाकारानें सन १९६७ मध्यें जुनी संस्था बंद झाली व ‘ऑर्केस्त्र द पारी’ ह्या नांवानें नवा वृंद उभा राहिला. जुन्यांतील कित्येक वादक निवडले जाऊन नव्यांत आले, कित्येक राहून गेले. राहतें घर मोडून नवें बांधतांना घरच्यांच्या जिवाची जी घालमेल होते, ती येथेंही झाली असली पाहिजे. नवा वृंद पहिल्याच रात्रीं फसला असता, तर इतकी जुनी संस्था कशाला मोडली, असें ज्यानें त्यानें विचारलें असतें.

ह्या वृंदाचे पहिले संचालक म्हणून शार्ल म्युन्श ह्यांस बोलाविण्यांत आलें. त्यांचा जन्म ता. २६ सप्टेंबर १८९१ चा. म्हणजे त्या वेळीं त्यांचें वय ७६ वर्षांचें होतें. स्ट्रासबर्ग ही त्यांची जन्मभूमि. वडील एर्न्स्ट म्युन्श हे तेथील एका प्रॉटेस्टंट मंदिरांत ऑर्गन वाजवीत व गायकवृंद चालवीत. चुलते ऑयगेन हे आल्बर्ट श्वाइट्झर ह्यांचे ऑर्गनचे गुरु. आफ्रिकेंत लांबारेने येथें रोग्यांची सेवा करण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें ते डॉक्टर श्वाइट्झर हेच. शार्ल ह्यांच्या जन्मकाळीं आल्सेस प्रांत जर्मनीकडे होता, म्हणून पहिल्या महायुद्धांत त्यांस जर्मन सैन्यांत जावें लागलें, व तेथें ते जखमी झाले. युद्धानंतर तोच प्रांत फ्रान्सकडे आला. पुढें लाइप्त्सिग येथील सुप्रसिद्ध गेवांटहाउस वृंदांत ते व्हायोलिनवादकांचे अग्रणी झाले. संचालक म्हणून पॅरिसमध्यें ते प्रथम उभे राहिले ते १९३२ सालीं. तेव्हां ते ४१ वर्षांचे होते. चाळिशी उलटल्यावर नवें काम हातीं घेणाऱ्या ह्या गृहस्थाचें उदाहरण आमच्यासारख्या प्रौढांस धीर देणारें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत वर सांगितलेल्या जुन्या वृंदाची धुरा त्यांच्याकडे होती, आणि १९४९ पासून १९६२ पर्यंत त्यांनीं अमेरिकेंतील बॉस्टन सिंफनी वृंद चालविला.

म्युन्श ह्यांची एक रीत प्रसिद्ध होती. तालमी फार लांबविणें त्यांस आवडत नसे; सारा रस तालमींतच आटवून टाकला तर मैफलीच्या वेळीं काय उरणार, असें त्यांचें मत होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यावरून अभ्यास टाळण्याची सबब काढूं नये! त्या रात्रीची मुख्य रचना म्युन्श ह्यांनीं बॉस्टन येथें १९५४ व १९६२ अशी दोनदां मुद्रित केलेली होती. ज्याला ग्रंथ मुखोद्गत आहे त्यालाच पुस्तक मिटून बोलतां येतें.

मैफल झाली ती शांझ-एलिझे नाट्यगृहांत. कार्यक्रमांत तीन रचना होत्या. त्यांपैकीं एक क्लोद दब्युसी (१८६२–१९१८) ह्यांची ‘ला मेर’, म्हणजे ‘समुद्र’. ती १९०३ ते १९०५ ह्या काळांत लिहिली गेली, आणि गंमत अशी कीं, तिचा आरंभ समुद्रापासून दूर, बर्गंडी प्रांतांत झाला. तिचे तीन भाग आहेत: पहाटेपासून दुपारपर्यंतचा समुद्र, लाटांचा खेळ, व वारा आणि समुद्र ह्यांचा संवाद. आमच्या वाचकांत जे कोंकणपट्टींतील आहेत, त्यांनीं पहाटेचा समुद्र पाहिलाच असेल. पाणी कोठें संपतें व आकाश कोठें लागतें हें प्रथम कळत नाहीं; मग हळूहळू रेघ उमटते, रंग येतात, आणि बघतां बघतां डोळे दिपतात. दब्युसींनीं हेंच सुरांनीं केलें आहे. आरंभीं टिंपनी व डबल बास अगदीं हळू. त्यांवर हार्पचे तुरळक सूर. मग एकेक वाद्य जागें होतें. मध्यें एके ठिकाणीं चेलोंचा समूह चार तुकड्यांत विभागून लाटेसारखा उसळतो, आणि तेथें रचनाकारानें सोळा चेलो मागितले आहेत. शेवटीं पितळी वाद्यांच्या गजरांत भर दुपारचा सूर्य उभा राहतो. ही रचना छापली गेली तेव्हां जपानी चित्रकार होकुसाई ह्यांच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्राचा तिच्या मुखपृष्ठासाठीं उपयोग केला होता.

दुसरी रचना रशियांत जन्मलेल्या इगोर स्त्राविन्स्की ह्यांची ‘रेक्विएम कँटिकल्स’. मृतांसाठीं करावयाच्या लॅटिन प्रार्थनेंतील वचनांवर ती रचिली असून तिचा प्रथम प्रयोग १९६६ सालीं झाला होता. ह्याच नाट्यगृहांत ता. २९ मे १९१३ रोजीं स्त्राविन्स्की ह्यांच्या एका नृत्यसंगीताच्या पहिल्या प्रयोगास श्रोत्यांनीं हुर्यो करून मोठा दंगा माजविला होता. चोपन्न वर्षांनंतर त्याच घरांत त्यांच्या रचनेस मानाचें पान मिळालें.

तिसरी व सर्वांत मोठी रचना एक्तोर बर्लिओझ (१८०३–१८६९) ह्यांची ‘सिंफोनी फांतास्तिक’. बर्लिओझ हे डॉक्टरांचे चिरंजीव. वडिलांनीं वैद्यक शिकण्यास त्यांस पॅरिसला पाठविलें. परंतु शवविच्छेदनाच्या खोलीपेक्षां नाट्यगृहाकडेच त्यांचीं पावलें वळूं लागलीं. १८२७ सालीं शेक्सपियरच्या नाटकांत काम करणाऱ्या हॅरिएट स्मिथसन ह्या नटीस पाहून त्यांस तिचा ध्यास लागला. त्या ध्यासांतून ही सिंफनी जन्मली. ता. ५ डिसेंबर १८३० रोजीं ती प्रथम वाजली, तेव्हां बर्लिओझ ह्यांस २७ वें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. आणि संचालक होते वर सांगितलेले आबनेक. म्हणजे जुन्या वृंदाच्या संस्थापकानें जी रचना प्रथम लोकांस ऐकविली, तीच नव्या वृंदानें आपल्या पहिल्या रात्रीसाठीं निवडली. नव्यानें जुन्यास केलेला हा नमस्कारच होय.

ह्या सिंफनींत एक कथा आहे. एक तरुण कलावंत निराशेनें अफू घेतो व त्या गुंगींत त्यास स्वप्नें पडतात. प्रियेची आठवण म्हणून एक सुरावट योजिली असून ती पांचही भागांत वेष पालटून येते. पहिल्या भागांत ती तळमळीची, दुसऱ्यांत नृत्याच्या गर्दींत दिसून नाहींशी होणारी. तिसरा भाग माळरानाचा. दोन गुराखी पांवा वाजवून एकमेकांस साद घालतात. एक रंगमंचावरून, दुसरा पडद्यामागून. भागाच्या अखेरीस पहिला गुराखी पुन्हां साद घालतो. उत्तर येत नाहीं. दूर ढगांचा गडगडाट तेवढा ऐकूं येतो. हा गडगडाट चौघे जण टिंपनीवर वाजवितात. चौथ्या भागांत कलावंतास स्वप्नांतच वधस्तंभाकडे नेतात. शेवटच्या क्षणीं क्लॅरिनेटवर ती सुरावट उमटते न उमटते तोंच घाव पडतो. पांचव्यांत चेटकिणींचा मेळा भरतो, घंटा वाजतात, मृतांसाठीं गावयाचें प्राचीन लॅटिन गीत विडंबनासारखें घुमतें, आणि ती गोड सुरावट लहान क्लॅरिनेटच्या कर्कश आवाजांत वेडावीत नाचते. असा विषय मुलांस ऐकवावा काय, असें पालक विचारतील. आम्हांस वाटतें, ऐकवावा. मन एकाच ध्यासास वाहून घेतलें म्हणजे सुंदर वस्तूचेंही कसें विद्रूप होतें, हें इतक्या स्पष्टपणें सांगणारा धडा पाठ्यपुस्तकांत क्वचितच असेल.

आतां ध्वनिमुद्रणाकडे येऊं. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. सन १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें प्रथम मुद्रित झालें, तें ह्याच अडचणींत. पुष्कळ वेळ चालणारा राग त्यांस कांहीं मिनिटांत आटोपावा लागे. पन्नास मिनिटांच्या आसपास चालणारी बर्लिओझची सिंफनी अशा तबकड्यांवर घेणें म्हणजे तिचे डझनभर तुकडे करणें. पुढें १९४८ सालीं दीर्घकाळ चालणारी तबकडी निघाली, आणि जर्मनींत १९३० नंतरच्या दशकांत सिद्ध झालेली चुंबकीय फीत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. ध्वनीचें कंपन ध्वनिग्राहकांत विजेच्या प्रवाहाचें रूप घेतें. तो प्रवाह फितीवरील लोहकणांस कमीअधिक चुंबकत्व देतो. आणि तीच फीत पुन्हां यंत्रांतून नेली म्हणजे उलट क्रमानें ध्वनि बाहेर येतो. ही फीत पात्यानें कापतां येते व जोडतांही येते. म्हणून मुद्रणगृहांत एखादा वादक चुकला, तर तेवढा भाग पुन्हां वाजवून घेतात व चुकलेला तुकडा काढून नवा जोडतात. ऐकणाऱ्यास सांधा कळत नाहीं.

मैफलीचें मुद्रण तसें नसतें. तेथें वाजलें तें वाजलें. सुदैवानें ह्या बाबतींत तुलनेस उत्तम साधन आहे. म्युन्श ह्यांनीं हीच सिंफनी ह्याच वृंदासह १९६७ च्या ऑक्टोबर महिन्यांत मुद्रणासाठीं म्हणून वाजविली होती. संचालक तोच, वृंद तोच, कागदावरील सूर तेच, अंतर थोड्या आठवड्यांचें. तरीही दोन्ही मुद्रणें ऐकलेले अनेक जाणते श्रोते मैफलीच्या मुद्रणांत आवेश अधिक आहे असें म्हणतात. कारण उघड आहे. माळरानाच्या भागांतील तो एकटा गुराखी भरलेल्या सभेपुढें फुंकर घालतो, तेव्हां ओठ सुकला तर उपाय नाहीं; बरें वाजलें तर तेंही त्याच श्वासांत. पुन्हां करतां येणार नाहीं हें ठाऊक असलें म्हणजे मनुष्य निराळ्या रीतीनें काम करितो. परीक्षागृहांत व स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर आमच्या मुलांनीं हें अनुभविलें आहेच.

त्या रात्रीं ऐकणाऱ्यांस पुढची गोष्ट ठाऊक नव्हती. म्युन्श नव्या वृंदास घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले असतां ता. ६ नोव्हेंबर १९६८ रोजीं रिचमंड शहरीं त्यांचा अंत झाला. पहिल्या मैफलीस वर्ष पुरें व्हावयास आठ दिवस राहिले होते. वृंद मात्र राहिला. सन २०१५ मध्यें पॅरिसमध्यें ‘फिलार्मोनी’ हें नवें संगीतगृह उघडलें, तेव्हांपासून तेंच त्याचें घर आहे. त्या रात्रीचें मुद्रण जपून राहिलें व पुढें तबकडीच्या रूपानें प्रसिद्ध झालें. म्हणून, ज्या म्हाताऱ्या संचालकानें आयुष्याचें शेवटलें वर्ष एका नव्या संस्थेस दिलें, त्याचें तें पहिलें पाऊल आज घरबसल्या कानांनीं पाहतां येतें.

शेवटीं दोन शब्द ऐकण्याच्या रीतीविषयीं. प्रथमच पुरी सिंफनी ऐकावयास बसूं नये, कंटाळा येईल. आधीं माळरानाचा भाग ऐकावा व दोन गुराख्यांची साद ओळखावी. मग पहिल्या भागांतील ती सुरावट तीनचारदां ऐकून गुणगुणतां येईल इतकी पाठ करावी. त्यानंतर पुढील भागांत ती कोठें व कोणत्या वेषांत येते तें शोधावें. एवढें झालें म्हणजे तीस दिवसांच्या आंत पुरी सिंफनी आपोआप ऐकाविशी वाटेल. मध्यें खोकल्याचा किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तर त्रासूं नये. तो त्या रात्रीं तेथें जिवंत माणसें बसलीं होतीं ह्याची साक्ष आहे. मुंबई येथें ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा वृंद २००६ सालीं स्थापन झाला आहे; ज्या पालकांस शक्य असेल त्यांनीं मुलांस एकदां तरी त्याच्या मैफलीस न्यावें. ज्यांस शक्य नसेल त्यांनीं संध्याकाळीं एक तास घरांतील इतर आवाज बंद करून मुलांजवळ बसावें व हें मुद्रण लावावें. मुलांस पुढें बर्लिओझचें नांव आठवेल कीं नाहीं, कोण जाणे; पण आपले आईबाप आपल्यासह तासभर न बोलतां ऐकत बसले होते, हें त्यांस पुष्कळ दिवस आठवेल.